महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर: वापरानंतरचे परीक्षण

द्रवातून जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीचा वेग मोजणारे दोन मेगाहर्ट्झचे अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर मराठवाड्यातील अनेक वरिष्ठ महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान विभागांत असते. काही ठिकाणी ते रोज चालते, तर काही ठिकाणी तपासणी समिती येण्याच्या आदल्या दिवशी कपाटातून बाहेर काढले जाते. परभणी जिल्ह्यातील आमच्या विभागात ते पदव्युत्तर वर्गाची प्रात्यक्षिके आणि पीएच.डी.चे काम या दोन्हींसाठी सतत वापरात आहे. ते विकत घेण्याच्या विचारात असलेले सहकारी त्याबद्दल वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या उपकरणाची रचना साधारण सारखीच असते आणि पुढे सांगितलेले गुणदोष बहुतांशी त्या रचनेचेच आहेत. मत आधीच सांगून टाकतो: उपकरण किमतीच्या मानाने चांगले आहे, मात्र तापमान सांभाळणारी सामग्री सोबत न घेता ते एकटेच घेतले तर त्यातून निघणाऱ्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

द्रवांच्या भौतिक गुणधर्मांचा अभ्यास आपल्या भागाला नवा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री या पद्धतीने द्रवमिश्रणांच्या डायइलेक्ट्रिक, म्हणजे विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देण्याच्या, गुणधर्मांवर दीर्घकाळ काम झालेले आहे. द्रवावरचे विद्युतक्षेत्र बदलले की त्याच्या रेणूंना नव्या दिशेशी जुळवून घ्यायला किती वेळ लागतो, हे त्या पद्धतीने कळते; २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी हा वेळ सुमारे आठ पिकोसेकंद आहे. पण त्यासाठी लागणारी सूक्ष्मतरंग सामग्री तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडणारी नाही. ध्वनिवेग, घनता आणि श्यानता (द्रवाचा घट्टपणा) ही मोजमापे तुलनेने थोड्या खर्चात होतात, आणि दोन द्रव एकत्र आल्यावर त्यांचे रेणू एकमेकांना धरतात की दूर लोटतात याविषयी काही अंदाज त्यांतूनही बांधता येतो. म्हणूनच इंटरफेरोमीटर हे लहान महाविद्यालयातील संशोधनाचे नेहमीचे साधन झाले आहे.

खोक्यातून उच्च वारंवारतेचे जनित्र, मोजमापाचा सेल आणि या दोघांना जोडणारी कोॲक्सिअल केबल एवढेच सामान निघते. सेल दुहेरी भिंतीचा असतो. आतल्या भागात दहा-बारा मिलिलिटर द्रव मावतो आणि बाहेरच्या भागातून ठरावीक तापमानाचे पाणी खेळवता येते. तळाशी क्वार्ट्झचा स्फटिक बसवलेला असतो आणि वरून मायक्रोमीटर स्क्रूच्या साहाय्याने खाली-वर सरकणारी धातूची परावर्तक पट्टी असते. जनित्राच्या दर्शनी भागावर मायक्रोअँपिअरमधील प्रवाह दाखवणारा मीटर आणि ‘ॲडजस्ट’ व ‘गेन’ अशा दोन खुंट्या असतात. ही साधेपणाची रचना मला आवडते. झाकण उघडून विद्यार्थ्याला प्रत्येक भाग दाखवता येतो, आणि आत काय घडते आहे हे पडद्यावरच्या आकड्यामागे लपून राहत नाही.

तत्त्वही तितकेच सरळ आहे. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले की काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार येतो; या पीझोविद्युत परिणामाच्या उलट रूपामुळे स्फटिक विद्युत दोलनांबरोबर कंप पावतो, त्याने द्रवात पाठवलेले तरंग पट्टीवरून परत येतात आणि पट्टी योग्य अंतरावर असेल तेव्हा दोघांमध्ये स्थिर तरंग तयार होतात. त्या क्षणी स्फटिकावरचा भार बदलतो आणि मीटरचा काटा शिखर गाठतो. पट्टी सरकवत गेले की प्रत्येक अर्ध्या तरंगलांबीला एक शिखर मिळते. त्यावरून तरंगलांबी काढायची आणि तिला वारंवारतेने गुणले की वेग हाती येतो. जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या इंटरफेरोमीटरचेच हे रूप आहे. श्राव्यातीत तरंगांनी प्रकाशाचे विवर्तन घडवून वेग मोजण्याची दुसरी पद्धत १९३२ मध्ये पुढे आली आणि तिचे गणित बंगळुरूमध्ये रामन व नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बसवले. प्रात्यक्षिकासाठी ती पद्धत अधिक देखणी आहे, परंतु ओळीने पंधरा-वीस मिश्रणे मोजायची असतील तर इंटरफेरोमीटरच सोयीचे पडते.

आता अचूकतेचा हिशेब. शुद्ध पाण्यात ३० अंशांना ध्वनीचा वेग १५०९ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे दोन मेगाहर्ट्झला लगतच्या दोन शिखरांमधले अंतर ०.३७७ मिलिमीटर येते. साध्या मायक्रोमीटरचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर आहे. एकाच अंतरावरून वेग काढू गेल्यास उत्तर चाळीस मीटरपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, आणि असे उत्तर निरुपयोगी असते. वीस अंतरे ओलांडून मोजल्यास एकूण सरकणे साडेसात मिलिमीटर होते आणि तेवढ्याच वाचनदोषाचा परिणाम दोन मीटर प्रति सेकंदावर येतो. पन्नास अंतरांना तो एका मीटरच्या आत जातो. मायक्रोमीटरची धाव पंचवीस मिलिमीटर असल्याने पाण्यासारख्या द्रवात साठापर्यंत शिखरे मोजायला जागा असते. असे असूनही प्रात्यक्षिकाच्या वह्यांमध्ये पाच-दहा शिखरांवर थांबण्याची पद्धत रूढ आहे. उपकरणासोबत येणाऱ्या पुस्तिकेनेही या मुद्द्यावर जोर द्यायला हवा होता; आम्हाला मिळालेल्या पुस्तिकेत तो एका ओळीत उरकला आहे.

डिजिटल मायक्रोमीटर असलेले मॉडेल ०.००१ मिलिमीटरपर्यंत वाचन देते आणि त्याची किंमत बरीच अधिक असते. संशोधनासाठी ते घ्यावे असे मी म्हणेन, पण त्यामागचे कारण जाहिरातीत सांगितले जाते त्यापेक्षा वेगळे आहे. काट्याचे शिखर टोकदार नसते; त्याचा माथा थोडा पसरट असल्यामुळे नेमका बिंदू ठरवण्यात जो संदिग्धपणा राहतो, तो स्क्रूच्या वाचनदोषापेक्षा कमी नसतो आणि तिसऱ्या दशांश स्थळाचा उपयोग तिथेच संपतो. डिजिटल वाचनाचा खरा फायदा सलग पन्नास नोंदी घेताना होतो, कारण तासाभरानंतर मुख्य पट्टी आणि चक्राकार पट्टी यांची बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्याचे डोळे थकतात आणि नोंदीत अर्धा मिलिमीटर कधी जास्त तर कधी कमी पडतो. साधा स्क्रू वापरणाऱ्यांनी तो एकाच दिशेने फिरवावा. मध्येच उलटा फिरवला की आट्यांमधला ढिलेपणा मोजमापात शिरतो.

पट्टी आणि स्फटिक एकमेकांना समांतर असणे हा या रचनेचा सर्वांत नाजूक भाग आहे. समांतरपणा किंचित जरी बिघडला तरी मुख्य शिखरांच्या शेजारी लहान शिखरे उगवतात आणि नवशिका विद्यार्थी त्यांनाही मोजून मोकळा होतो. आमच्याकडे आलेल्या सेलमध्ये सुरुवातीपासून अशी दुय्यम शिखरे दिसत होती. उत्पादकाकडे सेल परत पाठवल्यावर दुरुस्ती झाली खरी, पण जाण्यायेण्यात आणि पत्रव्यवहारात जवळजवळ अख्खे सत्र गेले. त्यामुळे उपकरण ताब्यात घेतानाच, पावतीवर सही करण्यापूर्वी, ऊर्ध्वपातित पाणी भरून पंचवीस-तीस शिखरे पाहून घ्यावीत. शिखरांची उंची हळूहळू कमी होत जाणे स्वाभाविक आहे. एकाआड एक उंच व बुटकी शिखरे येत असतील तर सेल नाकारावा.

सर्वाधिक लिहिण्यासारखा विषय तापमानाचा आहे, आणि मराठवाड्यात तर तोच निर्णायक ठरतो. पाण्यातील ध्वनिवेग तिशीच्या आसपास अंशामागे सुमारे अडीच मीटर प्रति सेकंदाने वाढतो. पाणी हा अपवाद आहे. त्याचा वेग सुमारे ७४ अंशांपर्यंत वाढत जातो आणि मग उतरू लागतो. अल्कोहोल, टोल्यूइन, ॲसिटोन अशा बहुतेक सेंद्रिय द्रवांमध्ये तापमान वाढले की वेग घटतो, आणि तोही अंशामागे साधारण तीन ते पाच मीटरने. इथेनॉलचे उदाहरण घेऊ. २५ अंशांना त्यातील वेग सुमारे ११४४ मीटर प्रति सेकंद असतो. एका अंशाने तापमान चुकले तर वेगात ०.३ टक्के आणि घनतेत ०.१ टक्के फरक पडतो. संपीड्यता, म्हणजे दाबाने द्रव किती आक्रसतो याचे माप, घनता आणि वेगावरून काढताना वेगाचा वर्ग होत असल्यामुळे तिच्यात एकूण ०.७ टक्क्यांचा दोष येतो. आता ज्या मिश्रणांत रेणूंमधली आंतरक्रिया दुबळी आहे, त्यांच्यातील आदर्श मिश्रणापासूनचे विचलन पुष्कळदा एकदोन टक्क्यांचेच असते. ज्याचा शोध घ्यायचा त्याच्या निम्म्या आकाराचा दोष एका अंशातच दडलेला आहे, ही गोष्ट उपकरणाच्या माहितीपत्रकात कुठेही आढळत नाही.

उपकरणासोबत स्वस्तात मिळणारा वॉटर बाथ, म्हणजे सेलभोवती खेळवायच्या पाण्याची टाकी, फक्त पाणी तापवतो. म्हणजे खोलीच्या तापमानाच्या वरच त्याला स्थिर राहता येते. जगभरातील बहुतेक संदर्भमूल्ये २५ अंश सेल्सिअसला दिलेली असतात, आणि आमच्या प्रयोगशाळेत मार्चच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत दुपारचे तापमान चाळिशीला टेकते. अशा वेळी २५ किंवा ३० अंशांचे मोजमाप या बाथवर होऊच शकत नाही. बाथमध्ये बर्फ टाकून काम भागवण्याची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. तिने तापमान खाली जाते, परंतु ते एका जागी थांबत नाही, आणि पन्नास शिखरे मोजायला लागणाऱ्या वेळात ते सहज अंशभर सरकते. त्यातही नेमके याच महिन्यांत प्रकल्प सादर करण्याची घाई असते. ज्यांच्याकडे केवळ तापवणारा बाथ आहे त्यांनी २५ अंशांची मोजमापे डिसेंबर-जानेवारीत उरकावीत, कारण परभणीच्या थंडीत खोलीचे तापमान पुरेसे खाली असते, आणि उन्हाळ्यासाठी ४५ अंशांच्या पुढची मालिका राखून ठेवावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी थंड करण्याची सोय असलेला सर्क्युलेटर (पाणी ठरावीक तापमानाला राखून फिरवणारे यंत्र) घ्यावा, मग त्यासाठी डिजिटल मायक्रोमीटर पुढच्या वर्षावर ढकलावा लागला तरी चालेल. खर्चाचा असा क्रम मला सुचवावासा वाटतो, जरी खरेदी समितीला मोठा, चकचकीत, वर्गातल्यांना दाखवता येईल असा मीटर अधिक पसंत पडतो.

तापमान बाथमधील पाण्याचे मोजून भागत नाही, सेलमधील द्रवाचे मोजावे लागते. रबरी नळ्यांमधून येताना पाणी उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात निवते. नळ्या आखूड ठेवल्या आणि त्यांच्यावर फोमचे आवरण चढवले तर फरक कमी होतो, पण पूर्ण जात नाही. सेलच्या आवरणात तापमापी बसवण्याची जागा उत्पादकाने दिलेली नाही, ही मोठी उणीव आहे. द्रव भरल्यानंतर किमान पंधरा-वीस मिनिटे थांबून मगच पहिले शिखर घ्यावे. विजेच्या दाबातील चढउतारांचाही येथे उल्लेख करायला हवा. दाब घसरला की मीटरचा काटा सावकाश सरकू लागतो आणि शिखराचा माथा कुठे आहे ते कळेनासे होते, तेव्हा स्टॅबिलायझर किंवा यूपीएस ही आमच्याकडे चैनीची बाब नाही. भारनियमनाने बाथ मध्येच बंद पडला तर सुरू असलेली मालिका सोडून देऊन नव्याने सुरुवात करणे बरे.

पाण्याविषयी थोडे अधिक. बाथमध्ये बोअरचे पाणी भरण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडील बोअरच्या पाण्यातील क्षार काही महिन्यांतच सेलच्या दुहेरी भिंतीत पांढरा थर जमवतात. त्यातून उष्णता नीट जात नाही आणि तो थर काढणे जिकिरीचे असते. फिरणारे पाणीही ऊर्ध्वपातितच असावे. आतल्या नमुन्याच्या बाबतीत तर याला पर्याय नाही: लिटरमागे एक ग्रॅम क्षार असला तरी वेग साधारण एक मीटर प्रति सेकंदाने वाढतो. प्रत्येक मालिकेच्या आधी शुद्ध पाण्याने उपकरण पडताळून पाहावे. २५ अंशांना १४९७, ३० अंशांना १५०९ आणि ४० अंशांना १५२९ मीटर प्रति सेकंद ही मूल्ये मिळाली पाहिजेत. ती सातत्याने एकाच बाजूला चुकत असतील तर जनित्राची वारंवारता फ्रीक्वेन्सी काउंटरने तपासावी. दोन मेगाहर्ट्झ असे दर्शनी भागावर छापलेले असणे आणि प्रत्यक्षात ते तेवढे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढी काळजी घेतल्यावर हे उपकरण जे दाखवते ते खरोखरच समाधान देणारे असते. पाणी आणि इथेनॉल यांचे मिश्रण त्यासाठी सर्वोत्तम. शुद्ध पाण्यात दीड हजार आणि शुद्ध इथेनॉलमध्ये साडेअकराशेच्या आसपास वेग असताना, पाण्यात थोडे इथेनॉल मिसळले की वेग कमी न होता उलट वाढतो आणि मोल अपूर्णांक (एकूण रेणूंमधील इथेनॉलच्या रेणूंचा वाटा) ०.१ च्या आसपास सुमारे सोळाशे मीटर प्रति सेकंदांपर्यंत पोहोचतो. पन्नास मिलिलिटर पाणी आणि पन्नास मिलिलिटर इथेनॉल एकत्र केल्यास शंभर मिलिलिटर भरत नाही, तीन-चार मिलिलिटर कमी पडते, हे आकुंचनही त्याच कथेचा भाग आहे: पाण्याच्या हायड्रोजन बंधांच्या जाळीतील मोकळ्या जागांमध्ये अल्कोहोलचे रेणू बसतात आणि मिश्रण दाबायला अधिक कठीण होते. भिन्न तापमानांना हेच आलेख काढले तर ते कमी इथेनॉलच्या भागात एकमेकांना छेदतात. तापमानाबरोबर पाण्याचा वेग वाढतो आणि अल्कोहोलचा घटतो, त्यामुळे मध्ये एक असे प्रमाण येते जिथे तापमानाचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. विद्यार्थ्याने हा छेदबिंदू स्वतःच्या मोजमापातून काढला की उपकरणाची किंमत वसूल झाली असे मला वाटते. अडचण एवढीच की शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत प्रोपेनॉलवर काम सुरू करता येते. जुन्या प्रबंधांत बेंझिन आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांची रेलचेल असते. हे दोन्ही द्रव आरोग्याला घातक आहेत, आणि पंख्याच्या वाऱ्याखाली उघड्या सेलमध्ये ते ओतण्याचे आता काहीही कारण उरलेले नाही.

घट्ट द्रवांमध्ये मात्र उपकरणाची मर्यादा लगेच उघडी पडते. स्टोक्स यांनी १८४५ मध्ये दाखवल्याप्रमाणे श्यानतेमुळे होणारे ध्वनीचे शोषण श्यानतेच्या प्रमाणात आणि वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या भागातील घाण्याच्या करडई तेलावर प्रयोग केला तेव्हा सुरुवातीची शिखरे स्पष्ट मिळाली, पण पट्टी दूर जाऊ लागली तशी ती पाण्याच्या मानाने फारच लवकर बसत गेली आणि ‘गेन’ वाढवूनही फायदा झाला नाही. पाण्याच्या सुमारे हजारपट श्यानता असलेल्या ग्लिसरीनमध्ये तर परिस्थिती आणखी कठीण होते. अशा द्रवांसाठी एक मेगाहर्ट्झचा सेल उपयोगी पडतो. याउलट तीन किंवा पाच मेगाहर्ट्झचे जोडसेल विकताना ‘अनेक वारंवारतांवर संशोधन’ असे आकर्षक वाक्य ऐकवले जाते, त्याला भुलू नये. बहुतेक साध्या द्रवांमध्ये या पट्ट्यात ध्वनीचा वेग वारंवारतेनुसार बदलत नाही. वेग हेच मोजायचे असेल तर चार वारंवारतांवर तोच आकडा चार वेळा मिळेल, आणि पाच मेगाहर्ट्झला शिखरांमधले अंतर ०.१५ मिलिमीटरवर आल्याने तो मोजायला अधिक त्रासही होईल.

इंटरफेरोमीटर फक्त वेग देते. त्याला अर्थ यायचा तर घनता आणि श्यानता यांचीही जोड लागते, आणि ती मोजणारी काचेची सामग्री स्वस्त असल्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होते. दहा मिलिलिटरची विशिष्ट गुरुत्व बाटली आणि मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू असला तर घनतेसाठी पुरे, अट एवढीच की बाटली त्याच बाथमध्ये, त्याच तापमानाला ठेवलेली असावी आणि बुचाच्या सूक्ष्म नळीतून वर आलेला थेंब टिपल्यानंतरच ती तराजूवर जावी. ऑस्टवाल्डचा श्यानतामापी पूर्णपणे उभा बसवणे आवश्यक असते. तो थोडा कलला तरी प्रवाहाचा वेळ बदलतो. पाण्याची श्यानता २० अंशांना १.००२ मिलिपास्कल-सेकंद असते आणि ३० अंशांना ०.७९७ वर उतरते, म्हणजे दहा अंशांत वीस टक्के घट. तापमानाच्या बाबतीत तिघांत श्यानता सर्वांत हळवी आहे, आणि नेमकी तीच पुष्कळदा बाथबाहेर, स्टँडला अडकवलेल्या श्यानतामापीवर मोजली जाते.

आता या उपकरणाभोवती वाढलेल्या संशोधनाच्या एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे, कारण खरेदीचा हेतूच पुष्कळदा तो असतो. घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा व्यस्त म्हणजे ॲडियाबॅटिक संपीड्यता. २५ अंशांच्या पाण्यासाठी ती ०.४४८ प्रति गिगापास्कल येते. तिथपर्यंत सारे ठीक. जेकबसन यांनी १९५२ मध्ये मांडलेली रेणूंमधली मुक्त लांबी (शेजारच्या रेणूंच्या पृष्ठभागांमधले अंतर) म्हणजे याच संपीड्यतेचे वर्गमूळ गुणिले त्या तापमानाचा एक स्थिरांक. घनता आणि वेगाचा गुणाकार म्हणजे ध्वनिक प्रतिरोध. श्यानता आणि संपीड्यतेच्या गुणाकाराला ४/३ ने गुणले की शिथिलन काळ मिळतो. मग मुक्त आकारमान, अंतर्गत दाब, गिब्जची ऊर्जा असे करत दहा-बारा राशींचे तक्ते आणि आलेख उभे राहतात, आणि संपीड्यता व मुक्त लांबी एकाच ठिकाणी कमी झाल्या हा आंतरक्रियेचा दुहेरी पुरावा म्हणून मांडला जातो. एक राशी दुसरीच्या वर्गमुळावरून काढलेली असताना दोघींनी एकत्र उतरण्यात नवे काही नाही. मोजलेले आकडे तीनच आहेत; त्यांतील दोष मात्र प्रत्येक राशीत वेगवेगळ्या घातांनी पसरलेले आहेत, आणि त्यांचा हिशेब देणारे प्रबंध मला फार थोडे दिसले आहेत.

सैद्धांतिक बाजू याहून अधिक उपयोगी रीतीने जोडता येते. भारतीय संशोधक राव यांनी १९४० च्या सुमारास दाखवले की मोलर आकारमान (एक मोल द्रवाचे आकारमान) आणि वेगाचे घनमूळ यांचा गुणाकार बहुतेक सेंद्रिय द्रवांमध्ये तापमानानुसार जवळजवळ बदलत नाही. वेग जितक्या टक्क्यांनी घटतो तो घनतेतील घटीच्या साधारण तिप्पट असतो. वर दिलेले इथेनॉलचे आकडे या नियमाच्या जवळ जातात आणि पाणी तो सरळ मोडते. नोमोटो यांनी १९५८ मध्ये याच राशीची बेरीज गृहीत धरून मिश्रणातील वेगाचे सूत्र दिले. सारख्या जडणघडणीच्या दोन द्रवांच्या मिश्रणात ते मोजमापाशी चांगले जुळते, पाणी-अल्कोहोलमध्ये मात्र त्याच्याकडून ते शिखर येत नाही. विद्यार्थ्याने सूत्राने काढलेला आणि प्रयोगाने मिळालेला असे दोन आलेख शेजारी ठेवून, तफावत कुठे मोजमापाच्या दोषापेक्षा मोठी आहे आणि कुठे नाही एवढेच प्रामाणिकपणे लिहिले, तरी ते दहा राशींच्या तक्त्यांपेक्षा मोलाचे होईल. या कामासाठी हे उपकरण पुरेसे सक्षम आहे.

देखभालीविषयी: सेल रिकामा असताना जनित्र सुरू करू नये, ही पुस्तिकेतील सूचना गंभीरपणे घ्यावी. प्रत्येक नमुन्यानंतर सेल ॲसिटोनने धुऊन कोरडा करावा. आम्ल किंवा तीव्र क्षारद्रावण यांत ठेवू नये, कारण स्फटिकावरील धातूचा पातळ मुलामा त्याने खराब होतो, आणि मग शिखरे क्षीण होत जातात. आमच्या सेलचे तळाचे वॉशर काही काळाने गळू लागले. सुटा भाग स्थानिक बाजारात मिळत नाही, उत्पादकाकडून मागवावा लागतो, आणि सेवा केंद्र मराठवाड्यात नसल्याने सेल कुरिअरने पाठवण्याखेरीज इलाज उरत नाही. दुरुस्ती समाधानकारक झाली, तिला लागलेला वेळ तसा नव्हता.

घनता आणि ध्वनिवेग एकाच वेळी मोजणारी स्वयंचलित उपकरणेही मिळतात. काचेची यू-आकाराची नळी कंप पावते, तिच्या कंपनावरून घनता कळते, आणि तापमान आतल्या आत शतांश अंशाहूनही नेमके राखले जाते. वर सांगितलेल्या बहुतेक कटकटी तिथे उद्भवतच नाहीत. त्यांची किंमत इंटरफेरोमीटरच्या अनेकपट असते. विद्यापीठाच्या मध्यवर्ती सामग्री केंद्रात असे एक उपकरण असावे आणि आसपासच्या महाविद्यालयांनी आपले निवडक नमुने तिथे तपासून घ्यावेत, ही व्यवस्था व्यवहार्य वाटते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा द्यायचे असेल तर मात्र मी इंटरफेरोमीटरच देईन, कारण अर्धी तरंगलांबी काट्याच्या हालचालीत दिसते ती तिथेच.

कोटेशन मागवताना पुढील बाबी लेखी स्वरूपात घ्याव्यात: शुद्ध पाण्यात तीस शिखरांची चाचणी पुरवठादाराने महाविद्यालयात येऊन दाखवणे, जनित्राच्या वारंवारतेचे प्रमाणपत्र, दोन मेगाहर्ट्झचा एक जादा सेल, आणि वॉशरचा संच. सर्क्युलेटरची मागणी त्याच प्रस्तावात घालावी. ती स्वतंत्र ठेवली तर पुढच्या आर्थिक वर्षात जाते आणि पहिला उन्हाळा वाया जातो.